कक्ष चारमधलं एकमत

विधिमंडळाच्या समित्यांमध्ये काय चालतं हे जनतेला माहीत नसतं, आणि सदस्यांनाही बऱ्याचदा नसतं. सभागृहात आमदार ओरडतात ते टीव्हीसाठी. समितीच्या खोलीत कॅमेरा नसतो, त्यामुळे तिथे ते माणसांसारखे वागतात. म्हणजे उशिरा येतात, काजू संपवतात आणि चर्चा ज्या पानावर चालू असेल ते सोडून दुसऱ्याच पानावर बोलतात.

प्रतिमाताई कापगते या जगात बदनाम होत्या, कारण त्या अहवाल वाचून यायच्या. पूर्वेकडच्या, धानाच्या आणि तलावांच्या जिल्ह्यातून तिसऱ्यांदा निवडून आलेल्या, विरोधी पक्षाच्या. समितीचा अहवाल एखाद्या सदस्याला पटला नाही तर त्याला आपलं वेगळं म्हणणं लिहून त्या अहवालाला जोडता येतं. त्याला भिन्नमत पत्रिका म्हणतात. बाकीचे आमदार उभ्या कारकिर्दीत अशी एखादी पत्रिका लिहितात, तीही पक्षाने लिहून दिलेली. प्रतिमाताई जवळपास प्रत्येक अहवालाला लिहायच्या. एकदा त्यांच्याच पक्षाने मांडलेल्या ठरावाला त्यांनी भिन्नमत दिलं, तेव्हा पक्षाध्यक्षांनी फोन करून विचारलं, "ताई, तुम्ही नक्की कुणाकडून?" त्या म्हणाल्या, "प्रश्नालाच माझी हरकत आहे."

'हरकत आहे' हे त्यांचं सभागृहातलं वाक्य घरापर्यंत गेलेलं होतं. त्यांचे यजमान मोरेश्वर गावच्या शाळेत शिक्षक होते आणि ताईही त्यांना मास्तरच म्हणायच्या. मास्तरांनी सकाळी "चहा टाकू का?" विचारलं की स्वयंपाकघराबाहेरून आवाज यायचा, "हरकत आहे. आधी आलं किसा." मास्तर म्हणायचे, त्यांचा संसार हे राज्यातलं सर्वांत दीर्घ चाललेलं अधिवेशन आहे.

तर अशा बाईंना औद्योगिक सुरक्षा संयुक्त समितीवर घेतलं गेलं आणि त्याच महिन्यात समितीच्या खोलीत, कक्ष क्रमांक चारमध्ये, 'समताल' बसवण्यात आलं.

समितीत अकरा जण होते. पाच पक्षांचे दहा, आणि एक अपक्ष, जो त्या पाचही पक्षांत राहून आलेला होता. अध्यक्ष होते सत्ताधारी पक्षाचे आबासाहेब नलगे. ऊसपट्ट्यातलं जुनं घराणं, पांढरी सफारी, बोलणं मऊ. ते कुणाला नाही म्हणत नसत आणि कुणाचं काम करतही नसत.

पहिल्या बैठकीला समतालच्या निर्मात्या डॉ. निवेदिता पळसुले आल्या. अकरा नव्या खुर्च्या गोलात मांडल्या होत्या. प्रत्येकीला डोक्यामागे एक जाडसर उशी होती.

"दोन माणसं मनापासून बोलत असली," डॉक्टर म्हणाल्या, "की त्यांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी हळूहळू एका ठेक्यात येतात. भजनाला बसलेल्यांचे श्वास जुळतात, तसंच. एका तुळईला दोन झोपाळे टांगले की थोड्या वेळाने एकमेकांच्या झोक्याला प्रतिसाद देतात, कारण तुळई दोघांचा झोका इकडून तिकडे पोचवते. माणसांच्या बाबतीत ही तुळई कच्ची असते. आवाज, नजर, हावभाव, एवढंच. आम्ही ती पक्की केलीय. उशी तुमचा ठेका वाचते आणि इतर दहा जणांचा ठेका अगदी सौम्य चुंबकीय स्पंदनांतून तुम्हाला परत देते. अर्ध्या तासात अकरा मेंदू एका लयीत येतात. मग वाद होत नाहीत असं नाही, पण वाद वाढत नाहीत."

"म्हणजे एकमेकांच्या मनातलं कळणार?" कोकणातले आमदार अश्फाक दळवी यांनी विचारलं.

"नाही, नाही. विचार जात नाहीत. फक्त ठेका जातो."

"मग ठीक. मनातलं कळलं तर युती एका दिवसात तुटेल."

सगळे हसले. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "दोनच गोष्टी लक्षात ठेवा. जो अंग सैल सोडतो, त्याच्याकडून लय इतरांकडे वाहते. जो घट्ट धरून ठेवतो, त्याच्याकडे ती साचते. म्हणून सगळ्यांनी सारखंच बसायचं. आणि बैठक चालू असताना मध्येच उठायचं नाही. जो उठेल तो त्या क्षणी त्याच्याकडे जे असेल ते घेऊन उठेल, आणि बाकीचे उरलेल्यावर राहतील."

"म्हणजे नक्की काय होईल?" प्रतिमाताईंनी विचारलं.

"थोडं गरगरेल," डॉक्टर म्हणाल्या. नंतर दारावर पितळी पाटी लागली, 'बैठक चालू असताना आसन सोडू नये.' सदस्यांना वाटलं, ही सूचना चहासाठी बाहेर पळणाऱ्यांना आहे.

समताल चाललं. इतकं चाललं की उपसचिव केळुसकरबाईंना इतिवृत्तात लिहायला मजकूर पुरेना. ज्या विषयावर पूर्वी आठवडे जायचे, तो जेवणाआधी संपायला लागला. वर्तमानपत्रांनी अग्रलेख लिहिले. सगळ्या पक्षांना एकाच वेळी बरं वाटलं, ही त्यांच्या आठवणीतली पहिलीच वेळ होती.

समितीपुढचा मोठा विषय एकच होता. कारखान्यांमध्ये बंद टाक्या असतात, रसायनांच्या, सांडपाण्याच्या, मळीच्या. सफाईसाठी आत माणूस उतरवायचा असेल तर आधी सरकारी निरीक्षकाने आतली हवा तपासली पाहिजे, असा नियम होता. कारखानदारांचं म्हणणं, निरीक्षक वेळेवर येत नाहीत. आमची हवा आम्हीच तपासू आणि आम्हीच दाखला देऊ. जो उतरवणार त्यानेच उतरायला हरकत नाही म्हणायचं. एरवी प्रतिमाताईंनी या एका वाक्यावर दहा पानं लिहिली असती. मसुदा समोर आला तेव्हा त्यांनी तो वाचला, आणि त्यांना वाटलं, हेही एक म्हणणं आहे.

दुपारी उपाहारगृहात अकरा जण एकाच टेबलावर बसायला लागले होते. कुणी ठरवलं नव्हतं. आधी बाकीच्या आमदारांनी थट्टा केली, सर्वपक्षीय पंगत म्हणून. मग थट्टा थांबली, कारण ते अकरा जण बोलत नसत. चहात साखर ढवळत आणि अकराही चमचे एकदम थांबत. मध्येच सगळे एकदम हसत, आणि विनोद कुणी केलेला नसे. शेजारची टेबलं हळूहळू रिकामी होत गेली.

एका दुपारी वाढपी गूळपोळ्यांचं ताट घेऊन आला. ताट टेबलावर टेकलं आणि अकरा उजवे हात पुढे आले आणि त्यांनी आपापली बशी दूर सारली. सगळ्यांत पहिला हात आबासाहेबांचा होता, पण इतका थोडा आधी की बघणाऱ्याला तो फरक कळला नसता.

अश्फाकभाई स्वतःच्या हाताकडे बघत बसले. "मला तर गूळपोळी आवडते," ते म्हणाले. "घरी मी चार खातो."

"मग घे ना," आबासाहेब म्हणाले.

"नको. वास येतोय."

"कसला?"

अश्फाकभाईंना सांगता येईना. प्रतिमाताईंना सांगता आलं असतं. गोड, आंबूस, नाकात चिकटणारा वास. तो त्यांना गेले कितीतरी दिवस झोपेतही येत होता.

अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत त्या गावी गेल्या. सकाळी मास्तर अंगणात पेपर वाचत होते. समोर तलाव, पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं. तळ्यावर बगळे उतरत होते. ताई पायरीवर बसल्या होत्या.

"मास्तर, तो टाक्यांचा अहवाल येतोय."

"मंग? किती पानं लिवतं या खेपेस?"

"लिहीन म्हणते. पण हात वळत नाही. आणि धनाची फार आठवण येते हल्ली."

"कोण धना?"

"असं काय करता? धना. टाकीत गेला तो." त्या तळ्याकडे बघत होत्या. "लोखंडी शिडी होती आत उतरायला. वर काठावर त्याची एकच चप्पल राहिली होती, डाव्या पायाची. खाली काळी मळी, अगदी शांत, वर साय धरल्यासारखी. बाबा म्हणाले, कुणी विचारलं तर हार्ट अटॅक सांगायचं. मी मान डोलावली."

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. त्यांनी तो घडी करून ठेवला, आणि घडी करायला त्यांना नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"प्रतिमा," ते म्हणाले, "तुले भाऊ कुठं होता?"

ताई हसल्या. मग त्यांना आठवलं की त्या तिघी बहिणी. वडील तलाठी होते, धाकटीच्या लग्नानंतर अंथरुणातच वारले. त्यांच्या जिल्ह्यात मळीची टाकी असणारा साखर कारखाना नव्हता. त्यांनी आयुष्यात मळी पाहिलेली नव्हती. हे सगळं त्यांना आठवलं, पण चप्पल गेली नाही. डाव्या पायाची, अंगठ्याला शिवलेली.

"आन् आणखीन एक सांगतो," मास्तर म्हणाले. "चार महिने झाले. तू एकदा बी 'हरकत आहे' नाही म्हणाली. तू घरी आली का मी रोज बिनआल्याचा चहा देऊन राहिलो तुले."

डॉक्टर पळसुले खोटं बोलल्या नव्हत्या. त्यांना पुढचं सुचलं नव्हतं, इतकंच. विचार जात नाहीत, ठेका जातो, हे खरं. पण आठवण म्हणजे तरी काय? त्यांच्याच शास्त्राप्रमाणे, मेंदूतल्या पेशींनी पुन्हा पुन्हा धरलेला ठेका. रोजची किरकोळ आठवण कुठे जात नाही, ती हलकी असते. पण एखादी गोष्ट कुणी वर्षानुवर्षं रात्रंदिवस आतल्या आत घोटत बसलं असेल, तर तिचा ठेका इतका पक्का होतो की तुळई त्यानेच हलायला लागते. स्वभावाचंही तसंच. प्रतिमाताईंची हरकत लहानपणापासून अशीच घोटलेली होती.

राजधानीत परतल्यावर ताईंनी आमदार निवासातल्या खोलीत बसून भिन्नमत पत्रिका लिहायला घेतली. एका बैठकीत लिहून काढली आणि वाचली. पत्रिकेत समितीच्या निष्कर्षांचं स्वागत होतं, दोन ठिकाणी 'काही अंशी' हे शब्द होते, आणि शेवटी सर्व सहकारी सदस्यांचे आभार मानलेले होते. खाली सही होती. त्यांचीच.

त्या उठल्या आणि वरच्या मजल्यावर आबासाहेबांच्या खोलीत गेल्या.

भर दुपार होती. आबासाहेब झोपले होते. शिपायाने उठवल्यावर ते लहान मुलासारखे डोळे चोळत बाहेर आले. "या ताई. काय सांगू, झोप फार छान लागते हल्ली."

"धना कोण?" ताई म्हणाल्या.

आबासाहेब खुर्चीत बसले. शिपायाला त्यांनी हातानेच बाहेर पाठवलं.

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला आठवतो तो. डाव्या पायाची चप्पल, अंगठ्याला शिवलेली."

"आईनं शिवली होती," आबासाहेब म्हणाले. "नवी घे म्हणत होतो मी. माझा धाकटा. धनंजय. आमच्याच कारखान्याची टाकी, ताई. वडील कारखान्याचे अध्यक्ष. एक कामगार सफाईला उतरला आणि गॅस लागून आत पडला. धना वर उभा होता, तो त्याला काढायला उतरला. मी पण वरच उभा होतो. दोघं गेले. कामगाराच्या घरी नोकरी दिली. धनाला हार्ट अटॅक दिला. वडील म्हणाले, कारखान्याचं नाव जाईल. मी मान डोलावली."

"हो," ताई म्हणाल्या. "ते माहितीये मला."

"तेव्हापासून सरळ झोप नाही मला. त्या खोलीत बसायला लागलो आणि झोप लागली. म्हटलं, वयानं लागत असेल." त्यांनी ताईंकडे पाहिलं. "तुम्ही दहा जणांनी वाटून घेतलाय होय त्याला?"

"मला कुणी विचारलं नाही."

"मला तरी कुठं विचारलं? सकाळी डोळे उघडले की तोंडात पहिला शब्द येतो, 'हरकत आहे'. मिसेसनी विचारलं नाष्ट्याला पोहे करू का, हरकत आहे. उपमा करू का, हरकत आहे. शेवटी त्या माहेरी गेल्या. माझ्या आयुष्यात मी कुणाला नाही म्हटलेलं नाही, ताई. हे तुमचं आहे, आणि मला ते शोभत नाही."

ताईंना हसू आलं, आणि ते अर्धवट राहिलं.

"आबासाहेब, नीट ऐका. तुमचं दुःख अकरात वाटलं गेलंय. म्हणून कुणालाच ते पुरेसं टोचत नाही. गूळपोळी दूर सारण्यापुरतं टोचतं, अहवाल दूर सारण्याइतकं नाही. माझी हरकतही अकरात गेली. आता एकाकडेही पुरेशी उरलेली नाही. उद्या शेवटची बैठक. आपण सगळे मिळून सह्या करणार, आणि पुढच्या वर्षी कुणीतरी स्वतःच दाखला देऊन कुणाचातरी धना खाली उतरवणार."

"यंत्र बंद करू."

"त्याला सभापतींची परवानगी लागते. अर्ज गेला की समिती नेमतील. तीही त्याच खोलीत बसेल."

ताईंनी खुर्ची जवळ ओढली. ताई म्हणाल्या, "नियमावलीत एक नियम आहे. समितीच्या अध्यक्षानेच बैठकीत भिन्नमत नोंदवलं तर अहवाल सभागृहात जात नाही. परत समितीकडे येतो, आणि साक्षी पहिल्यापासून, जाहीर. आजवर तो कुणी वापरलेला नाही. स्वतःच्याच अहवालाला विरोध करणारा अध्यक्ष अजून मिळाला नव्हता."

"मी?"

"तुम्ही. आणि बैठक चालू असताना उठून."

आबासाहेबांना पाटी आठवली. डॉक्टरांचं बोलणंही आठवलं. "म्हणजे सगळा धना मी एकट्यानं घेऊन उठायचा."

"तुमचाच आहे तो."

"तो माझा आहे, ताई. पण उठायची ताकद माझी नाही. असती तर तेव्हाच बोललो असतो."

"ती माझी घ्या," प्रतिमाताई म्हणाल्या. "मी अंग सैल सोडते. तुम्ही घट्ट धरून बसा. जेवढं साचेल तेवढं घेऊन उठा."

"परत कसं करायचं तुमचं?"

ताईंनी डॉ. पळसुल्यांना फोन लावला आणि सहज चौकशी करत असल्यासारखं विचारलं, की समजा एखादा मध्येच उठला, तर त्याने नेलेलं परत येतं का? डॉक्टर म्हणाल्या, "आमच्या प्रयोगात कुणी उठलंच नव्हतं. उठावंसं कुणाला वाटलं नाही."

ताईंनी फोन ठेवला. "येतं म्हणाल्या," त्यांनी आबासाहेबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी कक्ष चारमध्ये सगळे वेळेवर आले, आणि एकाच वेळी बसले. खुर्च्यांचा एकच आवाज झाला. केळुसकरबाई भिंतीलगत आपल्या साध्या लाकडी खुर्चीवर बसून अहवालाचे परिच्छेद वाचू लागल्या. "परिच्छेद एक. कुणाचं काही म्हणणं?" कुणाचं नव्हतं. "परिच्छेद दोन." अकरा छात्या वर जात होत्या आणि खाली येत होत्या. बाईंचं स्वतःचं श्वास घेणं चुकत होतं, म्हणून त्या कागदावरून नजर उचलत नव्हत्या.

प्रतिमाताईंनी डोळे मिटले आणि अंग सोडलं.

त्यांना वाटलं होतं, दुखेल. दुखलं नाही. लहानपणापासून एक मूठ आवळलेली होती, ती आवळलेली आहे हेही त्या विसरल्या होत्या, आणि आता तिची बोटं एकेक करून उघडत होती. चौथीत असताना गुरुजींनी वर्गातल्या मुलींना अंगण झाडायला लावलं आणि मुलांना नाही, तेव्हा त्या खराटा टाकून उभ्या राहिल्या होत्या. तो खराटा गेला. लग्नाच्या बोलणीत मास्तरांच्या काकांनी "मुलगी फार बोलते का?" विचारलं, तेव्हा त्यांनी दिलेलं उत्तर गेलं. पहिली निवडणूक गेली. प्रत्येक गोष्ट जाताना तिची माहिती मागे राहत होती, नुसती धार जात होती. शिवलेली चप्पल गेली. मळीचा वास खोलीभर दाटला, मग एका बाजूला सरकत सरकत अध्यक्षांच्या खुर्चीकडे गेला, आणि मग कुठेच नव्हता. किती छान वाटतंय, त्यांना वाटलं. आधीच का केलं नाही?

"परिच्छेद नऊ," केळुसकरबाई म्हणाल्या. "कारखान्याने दिलेला दाखला अंतिम मानण्यात यावा. कुणाचं काही म्हणणं?"

आबासाहेबांची बोटं खुर्चीच्या हातावर पांढरी पडली होती. चेहऱ्यावर घाम होता. ते उठले.

उठताना त्यांच्या तोंडून आवाज निघाला, टाकीत खूप खाली कुणी हाक मारावी तसा. उरलेल्या दहा जणांचे श्वास एकदम थांबले आणि पुन्हा एकदम सुरू झाले.

"हरकत आहे," आबासाहेब म्हणाले. शब्द त्यांचे नव्हते, बोलण्याची ढबही त्यांची नव्हती. 'ह'वर जोर देऊन बोलायची ती पूर्वेकडची होती. केळुसकरबाईंनी चमकून प्रतिमाताईंकडे पाहिलं. ताई प्रसन्न बसल्या होत्या.

"लिहून घ्या, बाई. धनंजय यशवंत नलगे. मळीच्या टाकीत गुदमरून गेला. हार्ट अटॅकनं नाही. त्याच्या आधी उतरला तो शंकर लोखंडे. हवा तपासली होती असा दाखला त्या दिवशी निरीक्षकाऐवजी आमच्याच कारखान्यानं दिला होता. सही माझ्या वडिलांची. साक्षीदार म्हणून माझी. या समितीच्या अहवालाशी मी, समितीचा अध्यक्ष, असहमत आहे."

दहा जण एकदम बोलले. एकाच पट्टीत, अगदी प्रेमाने.

"बसा ना, आबासाहेब. छान चाललं होतं."

त्या दहांत प्रतिमाताई होत्या. आबासाहेबांनी त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ. ताईंनी त्यांच्याकडे बघून ओळखीचं हसून दाखवलं, लिफ्टमध्ये भेटलेल्या माणसाकडे बघून हसतात तसं. आबासाहेब मागे सरत दारापर्यंत गेले आणि पितळी पाटीखालून बाहेर पडले. उरलेल्या दहा जणांनी अहवालावर सह्या केल्या. सही करताना प्रतिमाताईंनी परिच्छेद नऊ पुन्हा एकदा वाचला. त्यांना तो समजला. प्रत्येक शब्द समजला.

अहवाल नियमाप्रमाणे परत आला. वर्तमानपत्रं आठवडाभर नलगे कारखान्यावर तुटून पडली. शंकर लोखंडेंची म्हातारी बायको जाहीर साक्षीला आली आणि तिने एवढंच विचारलं की आत्ताच का. कारखान्याच्या दाखल्याचा नवा नियम बारगळला. टाकीत माणूस उतरायच्या आधी निरीक्षकच यायला हवा, हे कायम राहिलं. आबासाहेबांना पक्षाने कारणे दाखवा नोटीस दिली. त्यांनी नोटिशीच्या भाषेला हरकत घेतली, मग मुदतीला, मग ती देणाऱ्याच्या अधिकाराला. त्यांनी समितीचा राजीनामा दिला होता आणि कक्ष चारमध्ये ते पुन्हा पाऊल टाकणार नव्हते. त्यांच्या जागी एक नवे गृहस्थ आले. चौथ्या दिवशी त्यांचाही चमचा इतरांबरोबर थांबायला लागला.

आबासाहेबांचा एकदा फोन आला.

"ताई, तुमचं परत न्या हो. मला झोप नाही. ती नसायचीच. पण आता गप्पही बसवत नाही. मुलाच्या लग्नात भटजींशी भांडलो मी."

"असू द्या ना," प्रतिमाताई म्हणाल्या. "तुम्हाला शोभतं."

"त्या दिवशी डॉक्टर येतं म्हणाल्या ना, परत?"

"हो, म्हणाल्या असतील."

"खोटं बोललात तुम्ही माझ्याशी," ते हळूच म्हणाले. "मी घ्यावं म्हणून."

ताईंना ते आठवत होतं. का केलं, ते तेवढं आठवत नव्हतं.

पुढच्या अधिवेशनापासून समताल मुख्य सभागृहातही बसणार अशी घोषणा झाली, तेव्हा विरोधी बाकांवरून एकही आवाज आला नाही. पत्रकारांनी सवयीने प्रतिमाताईंना गाठलं. त्यांनी निर्णयाचं स्वागत केलं.

त्या रविवारी त्या गावी होत्या. सकाळ होती, तळ्यावर बगळे होते. मास्तरांनी स्वयंपाकघरातून विचारलं, "चहा टाकू का?"

"हो."

मास्तर थोडा वेळ दारात थांबले. मग आत गेले. त्यांनी आलं किसलं नाही. साखरेच्या डब्याकडे हात नेला आणि तिथून तो शेजारच्या बरणीकडे वळवला. कप आणून त्यांनी ताईंच्या हातात दिला आणि समोरच्या पायरीवर बसले.

ताई प्यायल्या. एक घोट, मग दुसरा.

"कसा झाला?"

"चांगला आहे."

"मीठ टाकलं हाय मी त्यात," मास्तर म्हणाले. "साखर नाही. चांगलं दोन चमचे मीठ."

प्रतिमाताईंनी कपात पाहिलं. मास्तर वाट बघत होते. लग्नापासून ज्या आवाजाने त्यांची सकाळ व्हायची, ज्याच्यावरून त्यांनी आयुष्यभर थट्टा केली होती, त्या आवाजाची ते इतकी वाट बघत होते की त्यांचे ओठ तो शब्द आधीच जुळवू लागले होते.

"हरकत नाही," ताई म्हणाल्या, आणि कप पुन्हा तोंडाला लावला.

मास्तर उठले आणि त्यांनी कप त्यांच्या हातातून काढून घेतला. ताईंनी तो काढून घेऊ दिला.